पहिली सुपारी

मांडवात शिटी वाजली तेव्हा दीडशे माणसांनी एकदम कानांवर हात ठेवले. तान्ही पोरं रडायला लागली, बाजेखाली झोपलेला कुत्रा शेपूट घालून पळाला. आणि आमचे हे, अनंतराव डीजे, मिक्सरमागे उभे राहून सगळ्यांकडे बघून हसत होते. त्यांना वाटलं, लोक खूश झाले.

माइक स्पीकरच्या तोंडासमोर आला की अशी शिटी वाजते. सगळ्यांना ऐकू येते. यांना येत नाही.

मला हे चार वर्षांपासून ठाऊक होतं. मी मागे भांडी घासत असले, की यांना सांगायची, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे आणि आत डाळीचा कोळसा व्हायचा. वर मलाच म्हणायचे, "शिटी झालीच नही व. तुना कुकर बिघडी गया." मी कुकरचं रबर तीनदा बदललं. चौथ्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

वीस वर्षं हे मसाटच्या एका कारखान्यात धाग्याच्या मशीनवर होते. त्या खात्यात असा गोंगाट, की शेजारच्याने कानाशी येऊन ओरडलं तरी कळत नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. तळहात वर केला की वाढव, खाली दाबला की कमी कर. डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली की धागा तुटला, मशीन थांबव. आणि दोन बोटांनी हवेत सरळ रेघ ओढली की धागा साफ चाललाय, काळजी नको. लग्नानंतर मीही तीन वर्षं तिथेच पॅकिंगला होते, त्यामुळे मला ही भाषा येते. आम्ही हातांनी भांडलोसुद्धा आहोत. ती भांडणं लवकर मिटतात, असा माझा अनुभव आहे.

कंपनीने कानात घालायला बोंडं दिली होती. यांनी ती वीस वर्षं खिशात सांभाळून ठेवली.

दिवाळीनंतर ते खातं बंद झालं. नवीन कारखान्यात जायचं, तर गेटवरच कानांची तपासणी. हे एकदा दादऱ्याच्या कारखान्यात जाऊन आले आणि आल्या आल्या चहा मागितला. तपासणीत काय झालं ते मी समजले. त्याच आठवड्यात यांनी वापीहून जुने स्पीकर आणले आणि जाहीर केलं, की आता आपण डीजे. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी! मी कपाळाला हात लावला. पण दरवर्षी गणपतीत चाळीचे बिघडलेले स्पीकर हेच दुरुस्त करायचे, आणि ते दहा दिवस माणूस लग्नात दिसला होता तसा दिसायचा. मी कशाला मोडता घालू? एवढंच म्हटलं, की तुमच्या कानांचं कुणाला कळलं तर दुसरी सुपारी मिळायची नाही. "कोनले सांगस मी?" हे म्हणाले.

पहिली सुपारी दिली भगवंतने. हा खानवेलचा वारली, अकरा वर्षं यांच्या समोरच्या मशीनवर होता. त्याच्या चंदाचं लग्न ठरलं, तसा तो सायकल मारत आमच्या दारात आला. "अनंतभाई, चंदाच्या लग्नात तूच वाजवायचा. दुसरा कोन नाय पायजे मला." आमचं नावही कुणाला माहीत नव्हतं तेव्हा या माणसाने लेकीचं लग्न आमच्या हाती दिलं. त्याचं हे देणं मी विसरणार नाही.

आणि त्याच लग्नात ही शिटी.

मी घरात बायकांबरोबर होते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढला होता, तो बघत होते. आवाज ऐकून धावत सुटले, पण दारात ही गर्दी. तेवढ्यात भगवंत ओट्यावर चढला आणि त्याने डोक्यावर हातांची फुली केली. झालं! यांनी दोन्ही हातांनी सगळी बटणं खाली ओढली. वीस वर्षांची सवय. आधी मशीन बंद, मग विचार.

मांडव एकदम गप्प झाला. मग मागून एकजण ओरडला, "डीजे भयरा हाय रे!" आणि जो हशा पिकला, तो मात्र यांना नीट ऐकू गेला.

यांचा चेहरा उतरला. खाली बसून हे वायरी गुंडाळायला लागले. मी जवळ गेले, तर वर न बघता म्हणाले, "चाल व अलका, घर चाल. आते काय राहिनं आठे?" मला रडू येत होतं आणि रागही. त्या खिशातल्या बोंडांचा सगळ्यात जास्त.

तेव्हा त्या शांततेत घरातून एक आवाज ऐकू आला. बारीक, चिरका, पण न थांबणारा. आक्काबाई धवलेरी गात होती. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते, गाणं गाऊन. तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आक्काबाई सत्तरीच्या पुढची. ती सकाळपासून चौकासमोर बसून गात होती, आणि बाहेर आमच्या स्पीकरपुढे तिचा एक शब्द कुणाच्या कानी पडला नव्हता. खरं सांगते, मला लाज वाटली.

कडवं संपवून म्हातारी काठी टेकत दारात आली. "कुठं हाय तो भयरा?"

भगवंतने यांना खूण केली. हे हात जोडून उभे राहिले. वाटलं, आता शिव्या खायच्या.

"सा वर्सं झाली," आक्काबाई म्हणाली, "लगनात माजा गाना कोन आयकत नाय. मी गाते, वरतून डीजे वाजतो. तू पयला, जो बंद झाला." लोक पुन्हा हसले, पण आता ते हसणं वेगळं होतं. "माजा घसा गेला. तो भोंगा मला दे."

भगवंतने ते हातवारे करून यांना सांगितलं. यांनी माइक उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग चारचौघांत पहिल्यांदा बोलले, "आजी, परत शिटी वाजेल. मला बारीक आवाज ऐकू येत नाही. मला कळणार नाही."

"तुला नाय कळत. तुजे बायकोला कळंल ना?"

मी तिला आमच्या खुणांचं काही सांगितलं नव्हतं. मी सरळ मांडवाच्या टोकाला, स्पीकरजवळ जाऊन उभी राहिले आणि हात वर केला. आतापर्यंत हे मिक्सरवरचे दिवे बघत होते. आता माझा हात बघायला लागले. आक्काबाईने माइक तोंडाशी धरून सूर लावला. मी तळहात वर केला. वाढव. अजून. स्पीकर कुईं करायला लागला, तसा झटकन खाली दाबला. यांनी एक बटण केसभर फिरवलं. मग आवाज स्वच्छ झाला आणि मी दोन बोटांनी रेघ ओढली.

तासभर आक्काबाई गायली. आंब्याखाली पत्ते कुटणारे पुरुष उठून मांडवात आले. चुलीपाशीच्या बायका हातातले झारे घेऊन दारात उभ्या राहिल्या. चंदाच्या आईने तोंडाला पदर लावला. माझा हात भरून आला होता, पण तो खाली घ्यायची माझी इच्छा नव्हती.

लग्न लागल्यावर यांनी नाचाची गाणी लावली आणि उन्हं उतरेपर्यंत मांडव नाचला. तेव्हाही मी त्या टोकाला होतेच. सामान भरताना 'भयरा हाय' म्हणून ओरडलेला माणूस डोकं खाजवत आला. "मे मयन्यात आमच्याकडे येशील? पन बाईंना आनायचा. आनि धवलेरी गाते तवा तू गप राहायचा." हे म्हणाले, "ते तर मला चांगलं जमतं."

आभार तरी कुणाकुणाचे मानू? भगवंतचे, आक्काबाईचे, त्या पॅकिंगच्या तीन वर्षांचे. त्या शिटीचेसुद्धा. ती वाजली नसती, तर हे जन्मभर कानांचं लपवत राहिले असते, आणि मी त्यांच्यासाठी लपवत राहिले असते.

परतताना आम्ही टेम्पोच्या मागे, दोन स्पीकरच्या मध्ये बसलो होतो. खानवेल मागे पडलं. मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "आक्काबाईना आवाज कसा व्हता व?"

"म्हणजे? तुम्ही नाही ऐकलं?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"नुसता घूं घूं ऐकू ये. शब्द नहीत."

तिचा आवाज मांडवभर पोचवणाऱ्या माणसालाच ते गाणं मिळालं नव्हतं. तो आवाज टेम्पोच्या खडखडाटात ओरडून सांगण्यासारखा नव्हता. मी दोन बोटं उचलली आणि हवेत सरळ रेघ ओढली. अगदी सावकाश, एका स्पीकरपासून दुसऱ्या स्पीकरपर्यंत.

हे माझी बोटं थांबेपर्यंत बघत राहिले. मग आपली दोन बोटं वर करून त्यांनी तशीच एक रेघ ओढली.