खरूज झालेल्या घरातली गोधडी

मित्रांनो, चिंचवडच्या एका घरात कपाटाच्या वरच्या खणात माझी घडी पडलेली असते. मी एक जुनी, विटलेली गोधडी आहे. अंबूबाईंनी मला तळेगावात शिवले. वर त्यांचे हिरवे लुगडे आणि आत धोंडीबांचे कंपनीतले झिजलेले खाकी कपडे. सुई बोटात गेली की त्या बोट चोखायच्या आणि पुन्हा टाका घालायच्या.

अंबूबाई वारल्या आणि धोंडीबा मला काखेत मारून मुलाकडे, सयाजीकडे राहायला आले. बाहेरच्या खोलीत त्यांचे अंथरूण पडू लागले. त्यांची नात उत्कर्षा तेव्हा पहिलीत होती. जेवण झाले की ती माझे टोक उचलून आजोबांच्या कुशीत शिरायची. कंपनीत लोखंड घासून राठ झालेला हात ते तिच्या पाठीवरून फिरवायचे.

"आजोबा, तुमचा हात टोचतो."

"मग काढू व्हय?"

"नको, राहू द्या."

मित्रांनो, ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते.

पुढे उत्कर्षाचा मामा सुजित परभणीहून चाकणला कामाला लागला. तिथल्या खोलीत एका शिफ्टची मुले उठली की त्याच गाद्यांवर दुसऱ्या शिफ्टची मुले झोपत. सुट्टीला तो बहिणीकडे यायचा आणि धोंडीबांच्या शेजारी, माझ्याच खाली झोपायचा. झोपेत तो बोटांच्या बेचक्या खाजवायचा. सकाळी मात्र हात खिशात असत. लाजेपोटी तो कुणाला काही बोलला नाही.

काही आठवड्यांनी धोंडीबांना खाज सुटली. मनगटावर, कमरेभोवती आणि बोटांच्या मधे बारीक पुरळ आले. अंथरुणावर पडले की खाज वाढायची. सुनेने, विजयश्रीने, मेडिकलमधून गजकर्णाचे मलम आणले. त्याने पुरळ आणखीच पसरले. मग उत्कर्षाही खाजवू लागली. शाळेतून निरोप आला की मुलीला घरीच ठेवा.

विजयश्री दुष्ट नव्हती. पण लेकीच्या पोटावरचे ओरखडे पाहून तिचा जीव कासावीस झाला आणि तोंडातून शब्द निसटले.

"मामंजी, तुमच्यामुळे झालंय हे पोरीला. आता तिला जवळ घेऊ नका."

सयाजी शेजारीच उभा होता. धोंडीबांनी स्वतःच मला उचलले आणि गॅलरीत अंथरूण टाकले. त्यांचे ताट आणि तांब्याही वेगळा झाला. उत्कर्षा दारापर्यंत यायची. ते गॅलरीतूनच हात हलवून तिला परत पाठवायचे.

त्या गॅलरीत मी त्यांच्या अंगावर होते, मित्रांनो, पण मला त्यांची पाठ थोपटता येत नव्हती.

शेवटी खाजवलेल्या जखमांत पू झाला, धोंडीबांना ताप भरला, तेव्हा सयाजी सगळ्यांना त्वचेच्या डॉक्टर प्रभावतीबाईंकडे घेऊन गेला. सुजितही बरोबर होता. तिथले बोलणे घरी आल्यावर इतक्यांदा झाले की ते मला पाठच आहे. डॉक्टरांनी धोंडीबांचा हात सरळ आपल्या हातात घेतला. कितीतरी दिवसांनी त्यांना कुणीतरी शिवले होते. त्यांचे डोळे भरून आले.

"बाबा, ही खरूज आहे," त्या म्हणाल्या. "कातडीत शिरणारे बारीक किडे असतात, डोळ्यांना नीट दिसतही नाहीत. स्वच्छ माणसालाही होते. घरात आणखी कुणाला खाज आहे?"

सुजितने खिशातले हात बाहेर काढले. "ताई, मला आधीपासून आहे," तो बहिणीला म्हणाला. विजयश्रीने वळून सासऱ्यांकडे पाहिले.

डॉक्टरांनी जखमांसाठी गोळ्या दिल्या आणि खरजेचे मलम दिले. ज्यांना खाज नाही त्यांनीही एकाच रात्री ते मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, बेचक्यांत आणि नखांखालीही. सकाळी अंघोळ करायची. आठवड्याने पुन्हा लावायचे. खाज थोडे दिवस राहील, घाबरायचे नाही. कपडे आणि अंथरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची. सुजितच्या खोलीतल्या मुलांनीही औषध घ्यायचे. शेजारच्या बाईने मला जाळायला सांगितले होते. विजयश्रीने मला उकळत्या पाण्यात बुडवले. मी वाचले.

घर बरे झाले. विजयश्रीने सासऱ्यांचे पाय धरले. "तुझा काय दोष, पोरी," ते म्हणाले आणि अंथरूण पुन्हा बाहेरच्या खोलीत आणले. उत्कर्षा धावत येऊन माझ्यात शिरली. धोंडीबा भिंतीकडे सरकले.

"लांब नीज, बाळा. माझ्यामुळं तुला काय व्हायला नको."

"आजोबा, बरं झालंय की सगळं!"

"व्हय. तरी पण लांबच नीज."

डॉक्टरांनी समजावले, सयाजीने हात जोडले, पण त्यांच्या मनातून ते जाईना. थंडीत छातीत कळ येऊन ते गेले, तेव्हाही ते भिंतीकडे तोंड करून, अंग चोरून निजलेले होते. नातीसाठी अर्धी गोधडी मोकळी सोडलेली होती. उत्कर्षाने मग कुणाचेच ऐकले नाही. ती त्या मोकळ्या अर्ध्या जागेत जाऊन पडली आणि त्यांचा गार हात ओढून आपल्या पाठीवर घेऊ लागली.

मित्रांनो, अंगाला खाज सुटली तर लपवू नका. मनाने मलमे लावू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि औषध सगळ्या घराने मिळून घ्या. एवढेच मला सांगायचे होते.

परवा खालच्या मजल्यावरची रुपाली दारात आली. तिच्या सासूच्या हातांना तसेच पुरळ आले होते. तिने त्यांचे अंथरूण जिन्याखाली टाकले होते. विजयश्रीने तिला डॉक्टरांचा पत्ता दिला, औषध कसे लावायचे ते सांगितले. रुपाली निघाली तेव्हा विजयश्रीने तिचा दंड धरला.

"आधी त्यांना वर आण," ती म्हणाली. "आज, आत्ता. औषध नंतरही लावता येईल."