मूठ वर, गुडघा खाली

घर दाखवायच्या वेळी मालकाला घराबाहेर पिटाळायचं, हा एजंटबाईंच्या धंद्यातला पहिला नियम. तो त्यांना मामांनी शिकवला होता. मामांनी तीस वर्षं घरं विकली आणि ऑफिस भाचीच्या हवाली करताना एवढंच सांगितलं, "मालक समोर बसला की गिऱ्हाईक पाहुणं होतं, आणि पाहुणा काही कपाटं उघडून बघत नाही." बाईंनी हे पदराला गाठ मारून ठेवलं आणि कधी तोंडघशी पडल्या नाहीत. मग त्यांच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आले.

आजोबा निवृत्त मुद्रितशोधक. म्हणजे छापखान्यात बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि त्याचाच पगार घेतला. सवय हाडीमाशी खिळलेली. गिऱ्हाईक दारात चपला काढतंय न काढतंय तोच हे खुर्चीतून सुरू व्हायचे, "स्वयंपाकघराची खिडकी वारा सुटला की आपटते. बाल्कनीचं दार फुगतं. न्हाणीघराची कडी अडकते." बाई घरातल्या उजेडाबद्दल काही बोलायला जायच्या, तर आजोबा म्हणायचे, "ऊन येतं, पण पडद्यांचा रंग उडतो." सहा गिऱ्हाइकं आली आणि सहाही आल्या पावली परत गेली.

बरं, घर विकायची घाई कुणाला होती? आजोबांनाच! आजींच्या गुडघ्यांनी जिन्यापुढे हात टेकले होते. चार महिने त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहत होत्या, आणि लेकीच्या घरात आणखी एक पलंग मावत नव्हता. लेकीच्या शेजारचं तळमजल्यावरचं छोटं घर तेवढं रिकामं होतं, आणि त्याच्या मालकाने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. इथलं विकलं गेलं तर ते घेता येणार. नाही तर म्हातारपणी एक जण इकडे, एक जण तिकडे, आणि मध्ये दोन बस बदलायच्या. महिना संपायला आठ दिवस उरले होते.

"आजोबा, तुम्हाला घर विकायचंय की नाही?" बाईंनी एकदा वैतागून विचारलं होतं.

"विकायचंय म्हणून तर सांगतोय. राहायला आल्यावर कळलं तर शिव्या कुणाला घालतील?"

"मला घालतील. एजंट असतो कशाला मग?"

यावर आजोबा हसलेसुद्धा नाहीत.

तेव्हा सातव्या गिऱ्हाइकाच्या वेळी बाईंनी सरळ डाव टाकला. "घराच्या कागदांची एक नक्कल लागेल, कोपऱ्यावरच्या दुकानात काढून आणता का?" असं म्हणून त्यांनी आजोबांना खाली धाडलं. नक्कल त्यांच्या ऑफिसात कधीचीच पडलेली होती. कागदांची पिशवी छातीशी धरून जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघताना बाईंना त्यांना परत हाक मारावीशी वाटली, पण आठ दिवस आठवले आणि त्यांनी मन घट्ट केलं.

गिऱ्हाईक म्हणजे एक नवरा-बायको. तो दवाखान्यात एक्स-रे काढणारा, ती बस चालवणारी. सल्ला द्यायला सोबत नवऱ्याचे काका. काकांनी आल्या आल्या भिंतींवर टकटक केलं, टाचेने फरशी दाबून पाहिली आणि 'हं' म्हणाले. बाईंचं सगळं सुरळीत चाललं होतं. ऊन ओट्यापर्यंत आलेलं, खिडकी शहाण्यासारखी गप्प. काकांच्या या बसवाल्या सुनेने बाल्कनीत उभं राहून खालच्या झाडाकडे पाहिलं आणि नवऱ्याला नजरेनेच काहीतरी सांगितलं. ती नजर बाईंच्या चांगलीच ओळखीची होती. कधी सही करायची, हे त्या मनातल्या मनात ठरवूही लागल्या.

तेवढ्यात काकांनी न्हाणीघर बघायला घेतलं. दारापाशी ठेवलेली बादली त्यांनी पायाने बाजूला सारली, आत गेले, आणि कडी नीट लागते का बघावं म्हणून लावली. कडी उत्तम लागली. मग ती उघडेना.

आधी खडखड झाली, मग धडधड. "उघडत नाहीये," आतून आवाज आला. तो अजून शांत होता. पुतण्याने बाहेरून खांदा लावला. बाईंनी दार ओढलं, ढकललं, पर्समधून चाळीस किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातली एकही इथे उपयोगाची नाही म्हणून परत ठेवला. ती बादली दार लागू नये म्हणूनच ठेवलेली होती, हा उजेड त्यांच्या डोक्यात आत्ता पडला. आतल्या आवाजातली शांतता आता संपली होती. आधीची सहा गिऱ्हाइकं निदान आपल्या पायांनी गेली होती, हे सातवं तर कोंडूनच घातलं होतं.

बाईंनी मान खाली घालून आजोबांना फोन लावला.

"कडी अडकते हे मी सहा वेळा सांगितलंय," आजोबा म्हणाले.

"हो, चुकलं माझं. पण ती उघडायची कशी?"

"ते मला माहीत नाही," आजोबा म्हणाले. "ते हिला जमायचं. ही गेल्यापासून मी दाराला बादली लावून ठेवतो. हिलाच विचारा."

त्यांनी दिलेला नंबर बाईंनी घाईघाईने लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"अगं बाई! कोण अडकलं?" आजींना चक्क हसू येत होतं. "फोन दाराला लावा बघू. हं, आत जे कुणी असाल त्यांनी ऐका. मूठ धरून दार वर उचला आणि खालच्या बाजूला गुडघा द्या. दोन्ही एकदम. मग कडी ओढा."

"कोणता गुडघा?" आतून काका.

"दुखत नसेल तो."

धप्प आवाज झाला, कडी सटकली आणि काका घामाघूम होऊन बाहेर आले. आता हे चपला शोधणार, याबद्दल बाईंना शंकाच उरली नाही.

पण सून खदखदून हसत होती. हसता हसताच तिने बाईंच्या हातातून फोन घेतला. "आजी, या घरात अजून काय काय आहे असं?"

मालकाला घराबाहेर काढलं, आणि इथे मालकीण फोनमधून आत शिरलेली! फोन काढून घ्यायला त्यांनी हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. कोंडलेला माणूस सोडवून झाल्यावर लपवण्यासारखं राहिलं तरी काय होतं?

"खूप आहे गं," आजी म्हणाल्या. "स्वयंपाकघरात जा. खिडकी आपटते, तर डावीकडच्या फळीवर दोऱ्याला बांधलेली लाकडी पाचर आहे, ती चौकटीत सरकव." पाचर तिथेच होती. "बाल्कनीचं दार फुगलं की कडेला मेणबत्ती घासायची." मेणबत्तीचा तुकडाही चौकटीवर सापडला. सून फोन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होती, मागे नवरा, त्याच्या मागे काका, आणि जन्मात पहिल्यांदाच सगळ्यांच्या मागे एजंटबाई. आजोबांनी काढलेली एकूण एक खोट खरी होती. त्यावरचे उपाय तेवढे चार महिन्यांपूर्वी जिना उतरून गेले होते.

बाईंनी वळून पाहिलं तर आजोबा दारात उभे. पिशवी तशीच छातीशी धरलेली.

"आजोबा, नक्कल नको होती," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी तुमच्याशी खोटं बोलले."

"माहीत आहे. नक्कल मीच दिली होती ना तुम्हाला." आजोबांना अजून धाप लागत होती. "खाली बाकावर बसलो होतो. म्हटलं, माझ्या तोंडामुळे हीसुद्धा माणसं जातील. म्हणून गेलो."

झोपायच्या खोलीतून आजी बोलत होत्या, "तीननंतर इथे छान वारा येतो. पण दोन्ही दारं उघडायला हवीत. आमचे हे एकच उघडतात आणि मग उकडतंय म्हणतात." आजोबा जागच्या जागी थांबले. चार महिन्यांत त्या भिंतींनी हा आवाज ऐकला नव्हता, आणि आजोबांनीही तो या घरात ऐकला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. ते बघून बाईंनाही गलबलून आलं, आणि आपण या माणसाला बाहेर पिटाळत होतो याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"पडद्यांचा रंग उडतो," आजोबा दारातूनच म्हणाले.

"सहा महिन्यांनी उलटे करून लावायचे!" फोनमधून उत्तर आलं. "अहो, आलात का तुम्ही? जेवलात?"

काकांनी कपाळ पुसलं. "घेऊन टाक रे हे घर," ते पुतण्याला म्हणाले. "तेवढी कडी बदल."

"कडीला हात लावायचा नाही," सून म्हणाली.

दोन दिवसांनी सह्या झाल्या. मामांना ही हकिगत कळली तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. त्याच आठवड्यात दुसरं घर दाखवताना तिथली मालकीण नेहमीप्रमाणे पर्स घेऊन बाहेर निघाली, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा ना. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाई तळमजल्यावरच्या घरी किल्ल्यांचा दुसरा जोड द्यायला गेल्या. आजी दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. आजोबा घरभर फिरून तपासणी करत होते. "नळ शिट्टी वाजवतो," ते म्हणाले. "एक फरशी हलते. कपाटाचं दार आपोआप उघडतं."

उजेड किती छान येतो ते सांगायचा मोह बाईंना झाला, पण त्यांनी तो आवरला. त्या आजींकडे वळल्या. "मग आजी, काय करायचं?"

"मला काय माहीत? आत्ताच तर आलोय." आजी भलत्याच खुशीत होत्या. "कळेल हळूहळू."

आजोबांनी हे ऐकलं आणि मान डोलावली. मग सामानातून त्यांनी जुनी बादली काढली. ती घेऊन ते न्हाणीघरात गेले, दाराला न लावता नळाखाली ठेवली, आणि आतून दाराची कडी लावून घेतली.