पाठमोरा नट

गोष्ट २०१५ सालची, पितृपक्षातली. त्या पंधरवड्यात अमरावतीच्या अंबादेवीबाहेरचे फुलवाले माशा मारत बसतात. लग्न नाही, वास्तू नाही, पुढारीसुद्धा सत्कार करून घेत नाहीत. म्हणून तर तिथेच हारांचं दुकान चालवणाऱ्या शकुनला सिनेमाला जायची फुरसत मिळाली. आणि मोठ्या सिनेमांनी अंग काढून घेतलं, म्हणूनच तो सिनेमा लागू शकला. तोही अकोल्यात. अमरावतीने त्याला जवळ केलं नाही.

शकुनचा नवरा गोवर्धन सिनेमात नट होता. निदान बावीस वर्षं ती तसं सांगत आली होती. १९९३ साली चिखलदऱ्याला शूटिंगवाले आले, तेव्हा हा हार पोचवायला गेला होता. पुढाऱ्याला हार घालणारा नट तापाने फणफणला, म्हणून दिग्दर्शकाने यालाच पुढे ढकललं. हार झोकात पडला, गोंडा बरोबर बेंबीवर आला. दिग्दर्शक वाहवा म्हणाला, आणि गडी तिसऱ्या दिवशी त्यांच्याच गाडीतून मुंबईला.

पुढे त्याने छत्तीस सिनेमे केले. पुढारी, पैलवान, नवरदेव, तिरडीवरचे मुडदे, सगळ्यांना हार घातले. हार घरचाच करून न्यायचा, म्हणून बोलावणंही यायचं. पण हार घालणाऱ्याकडे बघतो कोण? कॅमेरा गळ्याकडे. गोवर्धनच्या वाट्याला पाठ आली, ती छत्तीस सिनेमे पुरली.

टीव्हीवर तसला सिनेमा लागला की शकुन शेजारणींना बोलवायची. उजवा खांदा उतरता आहे ना, मग हेच ते, म्हणायची. बाजूला नारळ विकणारी पार्बताबाई म्हणायची, "पाठ तं आमच्या म्हशीलेही हाय, माय." शकुनच्या माघारी तिने गप्पांत गोवर्धनचा कल्याणला दुसरा संसारही थाटून दिला होता, दोन पोरांसकट. शकुन वरवर हसायची. पण उतरते खांदे पुष्कळ पुरुषांना असतात, हे तिलाही कळत होतं. वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा येणारा माणूस तिकडे खरंच हार घालतो, की आणखी काही करतो? एकदा त्याचं तोंड पडद्यावर दिसलं असतं, तर तिचा जीव थंड झाला असता.

त्या पितृपक्षात त्याचा फोन आला. या वेळी तोंड दिसतं, म्हणाला, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतं. बोलणं मात्र नाही. रोल कोणता, ते काही सांगितलं नाही.

शकुनने काळीपिवळी जीप ठरवली. नऊ बाया कोंबल्या, पार्बताबाईला साक्षीदार म्हणून पुढे बसवलं. स्वतः हिरवं लुगडं नेसली, गजरा माळला. अकोल्यात दिलेली लेक पौर्णिमा दुपारच्या खेळाची तिकिटं घेऊन थेटराच्या दारात उभीच होती.

सिनेमा सुरू झाला. हिरोचं घर, घरात भिंत, भिंतीवर फोटो. फोटोत फेटा बांधलेला गोवर्धन, गालात हसणारा, गळ्यात हार. हिरो हात जोडून म्हणाला, बाबा.

पार्बताबाईने सवयीने पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. शकुनचा हात आपोआप कपाळावरच्या कुंकवाकडे गेला. मग तिने डोळे बारीक करून पाहिलं, आणि पुढच्या चार रांगांना ऐकू जाईल असं बोलली.

"प्लास्टिकचा हार हाय."

तीन पिढ्या देवीला हार पुरवणाऱ्या घरातला माणूस, आणि गळ्यात प्लास्टिक! मेला म्हणून दाखवलं, त्याचं तिला एवढं लागलं नाही. पुढे हिरोवर संकट आलं की तो फोटोपाशी यायचा, आणि संकटं तर रांगेत उभी होती. हिरॉइनने फोटोपुढे दिवा लावला, खलनायकाने काच फोडली. अख्ख्या सिनेमात हिरोपेक्षा गोवर्धनच जास्त दिसला, आणि कामही हिरोपेक्षा बरं केलं.

मध्यंतरात पार्बताबाईने नाक पुसत हार मानली. "तोंड त्याचंच हाय. पण मेलेला दाखवला वं."

"मेलेला का होईना, घरात तं हाय," शकुन म्हणाली. "माह्या घरी जितेपणी कवा एवढा वेळ दिसला?"

थेटरातून बाहेर येताच तिने पौर्णिमाच्या हातातला फोन घेतला. "फोटोतच ऱ्हायचं असन, तं भिंत माह्या घरीही हाय," तिने नवऱ्याला सांगितलं. "हार ताजा घालीन. तुमी येता, का खिळा ठोकू?"

चौथ्या दिवशी गोवर्धन वळकटीसकट हजर झाला. त्याच दिवशी त्याचा दर्यापूरचा चुलतभाऊ खुशालराव कोपऱ्यापासून हंबरडा फोडत आला. जीपमधल्या कोणा बाईने पडद्यावरच्या हारातल्या गोवर्धनचा फोटो मोबाइलवरून पाठवला होता, तो फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला होता. समोर गोवर्धन सुतळी सोडवत बसलेला. खुशालरावने आणलेला हार वाया कशाला घालवायचा, म्हणून शकुनने त्याला तो गोवर्धनच्याच गळ्यात घालायला लावला. बापाला भेटायला आलेल्या पौर्णिमाने फोटो काढला. गोवर्धन सवयीने कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.

तो सिनेमा आठवडाभरही टिकला नाही. पार्बताबाई मुलाकडे नागपूरला गेली, आणि तिथे शेजारणींना आपल्या ओळखीचा एक मोठा नट आहे असं सांगते. खुशालराव आता मौतीची बातमी आली की आधी फोन करून खातरजमा करतो. गोवर्धन सहा वर्षं दुकानात हार करत बसला, गिऱ्हाइकाकडे पाठ करून, आणि २०२१ मध्ये गेला. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर घरातल्या सगळ्या फोटोंत पाठच. शेवटी पौर्णिमाने सिनेमातलाच काढून आणला. त्यातला प्लास्टिकचा हार काही निघत नाही. म्हणून शकुन रोज सकाळी निशिगंधाचा हार त्याच्यावरून घालते, चांगला मनगटाएवढा जाड, प्लास्टिक झाकलं जाईल आणि तोंड तेवढं उघडं राहील असा.