मुंग्यांचा बंदोबस्त

त्या पावसाळ्यात मसोलीत तात्यांनी स्वतःच्या घरी सांडलं नसेल तेवढं पाणी दुसऱ्यांच्या घरचं ओतलं. गल्लीत दोघांना डेंग्यू झाला होता, आणि तात्यांची लेक सोनल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. म्हणून चिकूच्या वाडीत जायच्या आधी तात्या घरोघर फिरत. कुणाचं पिंप आडवं करत, कुणाच्या कुंडीखालची थाळी पालथी घालत. शेजारच्या पीयूषला तर त्यांनी गच्चीवरचे टायर डोळ्यांदेखत खाली आणायला लावले.

"तात्या, आत पण बघून घ्या," पीयूष म्हणाला. "तांब्या भरलेला आहे."

"बघेन. तुझा काय भरवसा?"

स्वतःच्या घरात बघण्यासारखं काही असेल, असं त्यांच्या मनात आलं नाही. स्वयंपाकघर बायकोचं, हिरकणीबाईंचं, तिथे तात्यांचा संबंध ताटापुरता.

मग एके दुपारी वापीहून सोनलच्या सासूबाई दक्षाबेन दाखल झाल्या.

"व्याही, आमचा फ्लॅट पाचव्या माळ्यावर. मच्छर तिथवर चढत नाय. पोरीला घेऊन जाते."

पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही? गावात तोंड काय दाखवायचं? तात्यांनी विहीणबाईंना घराभोवती फिरवलं. टाकीला जाळी, पिंपांना घट्ट झाकणं, नारळाची करवंटीसुद्धा पालथी. दक्षाबेननी बोट ठेवायला जागा शोधली, सापडली नाही.

"चोख आहे हं सगळं," त्या ओटीवर टेकत म्हणाल्या. "राहू दे मग इथेच."

तात्या इतके खूश झाले की हिरकणीबाईंना म्हणाले, "तू बैस, लाडू मी आणतो."

लेकीसाठी केलेले डिंकाचे लाडू जाळीच्या कपाटात होते. मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे. पाणी आटलं की हिरकणीबाई वरून भर घालत. ओतून वाटी घासायचं कारणच काय? डबा काढताना झाकण निसटलं, तात्या उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. वाटीतलं पाणी डासांच्या अळ्यांनी वळवळत होतं. चारही वाट्यांतलं.

त्यांनी कपाट एकेका बाजूने उचलून वाट्या काढल्या आणि मागच्या दारी उन्हाच्या फरशीवर रित्या केल्या. पण जे आधीच उडून गेले, ते काय हाक मारल्यावर परत येणार होते? आणि सोनल दुपारभर त्याच कपाटाशेजारी पाय पसरून बसायची.

डबा घेऊन तात्या बाहेर आले. "विहीणबाई, मी म्हणतो, घेऊनच जा तिला. लाडूही न्या."

"अहो!" हिरकणीबाईंचा चहा बशीत सांडला.

"आत्ता तर राहू दे म्हटलं ना मी," दक्षाबेन गोंधळल्या.

"तिकडे दवाखाना जवळ," तात्या म्हणाले, आणि सोनलची बॅग स्वतःच विहीणबाईंच्या गाडीत नेऊन ठेवली.

हिरकणीबाईंनी अबोला धरला. वाट्या कुठे गेल्या, हे विचारायलाही त्यांनी तोंड उघडलं नाही. खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. तात्यांनी ते वाक्य जिभेवर घोळवून पाहिलं, पण ज्यांची पिंपं आडवी केली, ती सगळी माणसं त्यांना रांगेने स्वयंपाकघर बघायला येताना दिसली.

संध्याकाळी पीयूषने कुंपणावरून विचारलंच, "तात्या, लोक म्हणतात बाळंतपणाचा खर्च वाचवलात?"

"वाचवला," तात्या म्हणाले. "तुझ्या खिशातून गेला का?"