पळीभर पाणी

नूपुर पोटात होती तेव्हा आकांक्षाने परळच्या घरी, खिडकीतल्या कुंडीत निवडुंगाचं बी पेरलं होतं. चाळीस रोपांतलं एकच जगलं, आणि आता तीन वर्षांनी, ऐन चैत्रात, लिंबाएवढ्या त्या गोळ्यावर गुलाबी कळी आली होती.

नूपुर मात्र अजून बोलत नव्हती. "थोडं थांबू या," डॉक्टर म्हणाले होते, "बोटाने काही दाखवते का, तेवढं बघा." आकांक्षा दिवसभर तेच बघायची. कळी उमलली तर सगळं ठीक होईल, असं तिने कुणाला न सांगता मनाशी धरून ठेवलं होतं.

आज कुंडीला हात लावला तर माती ओलीचिंब.

"आई, तुम्ही पाणी घातलंत याला?"

"देवांच्या आंघोळीचं गं, रोज पळीभर," सासूबाई म्हणाल्या. "मोरीत कसं ओतायचं? तुळशीला घालते, उरलं की या काटेरी बाबालाही."

"अहो, कुजेल तो!"

"देवाच्या पाण्याने? तू म्हणजे ना!"

आकांक्षाने रोप अलगद उपटलं. मुळं काळी पडायला लागली होती. तेवढी कापून तिने रोप खिडकीच्या कट्ट्यावर कागदावर सुकत ठेवलं आणि तिकडे बघायचंच नाही असं ठरवून कणीक मळायला घेतली.

दुपारी कुणीतरी तिची ओढणी ओढली. नूपुर तिला ओढत खिडकीशी घेऊन गेली. कागदावर आडव्या पडलेल्या रोपावर फूल उमललं होतं. नूपुरने त्याच्याकडे बोट केलं आणि वळून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई, लवकर या!" आकांक्षा ओरडली.

"काय, फूल आलं?"

"फूल राहू द्या हो, हिचं बोट बघा!"