सरळ मारणारी बंदूक

विश्वास ही या जगातली सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे, असं कंपाउंडरांचं ठाम मत होतं. आणि ते मत त्यांनी त्या सकाळी हार्डवेअरच्या दुकानात, काउंटरवर, खोक्यासकट आपटलं. खोक्यात खिळे मारायची विजेची बंदूक होती. लाल रंगाची. परत करायला आणलेली ही दुसरी.

"ही पण वाकडी मारते," ते म्हणाले.

दुकानदाराने बंदूक बाहेर काढली, प्लग लावला, काउंटरखालची फळी घेतली आणि एक खिळा मारला. खिळा सरळ गेला. दुसरा मारला, तोही गेला. मग त्याने फळी कंपाउंडरांसमोर धरली, न्हाव्याने मागून आरसा दाखवावा तशी.

"इथे मारते सरळ," कंपाउंडर म्हणाले. "घरी गेली की वाकडी."

"माणसांचंही तसंच असतं, काका."

गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे दुकानदाराचं तत्त्व होतं. त्याने आधी व्होल्टेजला दोष दिला, मग लाकडाला, मग कंपनीला, आणि शेवटी एकूण काळालाच. पहिली हिरवी बंदूक परत आली तेव्हाही त्याने हेच केलं होतं, फक्त क्रम वेगळा होता. संध्याकाळी या, तो म्हणाला. हिरवीचा नवा लॉट गोडाउनमध्ये आलाय, आधीच्या लॉटबद्दल साऱ्या गावाची तक्रार होती. साऱ्या गावात अशी बंदूक दुसऱ्या कोणी घेतलेली नव्हती, पण कंपाउंडरांना ते ऐकून बरं वाटलं.

कंपाउंडरांची सगळी नोकरी एकाच दवाखान्यात गेली. आधी थोरले डॉक्टर, मग त्यांचा मुलगा. डॉक्टर बदलले, बाटलीवरच्या खुणेपर्यंत औषध ओतणारा हात बदलला नाही. डॉक्टरांचं निदान चुकेल, पण कंपाउंडरचा डोस चुकायचा नाही, असं लोक म्हणत, आणि थोरल्या डॉक्टरांना ते फारसं आवडत नसे. निवृत्तीनंतर कंपाउंडरांनी घरामागे मधपेट्या ठेवल्या. तोंड न उघडता काम करणाऱ्या मंडळींत राहावं, एवढीच इच्छा होती.

मधपेटीत लाकडी चौकटी लागतात, मधमाश्या त्यांत पोळं बांधतात. वर एक जाड पट्टी, दोन उभ्या, खाली एक बारीक. डिंक लावायचा आणि खिळा मारायचा. उभी पट्टी इतकी पातळ, की खिळा जरा तिरपा गेला तरी बाजूने डोकं काढतो. आणि मधाचं वजन आलं की चौकट सांध्यातून सुटते. म्हणून दर वर्षी फुलोऱ्याआधी अंगणात दोन स्टुलं समोरासमोर यायची. बायको कोपरा काटकोनात धरायची, कंपाउंडर हातोडी मारायचे. मारता मारता ती वर्षभराच्या साठलेल्या गोष्टी सांगायची. एरवी ते ऐकत नसत. इथे उठून जाता येत नसे.

मागच्या वर्षी हातोडी तिच्या अंगठ्यावर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ती "असू दे" म्हणाली. ते म्हणाले, दांडा सैल झालाय. दांडा घट्ट होता. तिचं नख काळं पडलं, आणि मग तो काळा डाग नखाबरोबर हळूहळू वर सरकत राहिला. रोज सकाळी चहाचा कप समोर यायचा, त्याच्या कडेला तो डाग. कप ते आताशा दोन्ही हातांनी धरत. गारठा आहे म्हणत. उन्हाळ्यातही गारठा होता.

यंदा तिचं बोट मध्ये येणार नाही, एवढंच त्यांना हवं होतं. पण हे जावयाला कसं सांगायचं? त्याला त्यांनी फक्त बंदूक कुठली घेऊ, असं विचारलं. जावयाला सल्ला विचारणं म्हणजे नळ सोडून बाहेरगावी जाणं. तारेची की बॅटरीची, खिळा की स्टेपल, जाडी किती, लांबी किती. शिवाय एका दाढीवाल्या माणसाचे व्हिडिओ, जो हसत हसत खिळे मारत असे. हसत हसत खिळे मारणाऱ्या माणसावर कंपाउंडरांचा विश्वास नव्हता.

"बाबा, तुम्हाला नेमकी कशी हवीय?" जावयाने शेवटी फोनवर विचारलं.

"सरळ मारणारी."

"सगळ्याच सरळ मारतात हो."

"मग तुम्हाला यातलं काही कळत नाही," कंपाउंडर म्हणाले आणि फोन ठेवला. जावयाशी असं बोलतात का, यावर बायकोने दोन दिवस बौद्धिक घेतलं.

पहिली हिरवी बंदूक आली तेव्हा त्यांनी बायकोला आत पाठवलं. चौकट शिकंज्यात आवळली, डिंक लावला. डिंकाचा एक थेंब बंदुकीच्या मुठीला खालून चिकटला, त्यावर नेमकी एक माशी येऊन बसली आणि एक पंख तिथेच ठेवून गेली. कंपाउंडर चरफडले. मग खिळा मारला. खिळ्याने बाजूने डोकं काढलं. पुढच्यानेही. लाल बंदुकीने तेच केलं. अंगण सरळ होतं. त्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती.

संध्याकाळी ते नवा लॉट घेऊन आले. चकचकीत खोकं, वर चिकटपट्टी. वाटेतल्या झाडांवर कळ्या फुटायला लागल्या होत्या, आणि मधमाश्या काही जावयाचे व्हिडिओ बघून मग कामाला लागणाऱ्यांतल्या नव्हत्या. या आठवड्यात चौकटी पेटीत गेल्या नाहीत तर यंदाचा मध गेला.

"तू आत जा," ते म्हणाले. ती गेली, म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. त्यांनी शिकंजा आवळला, श्वास रोखला, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि चाप ओढला.

खिळ्याचं टोक बाजूने बाहेर आलं. अगदी ओळखीच्या माणसासारखं.

"चोर आहेत सगळे," कंपाउंडर म्हणाले. कंपनी चोर, दुकानदार चोर, दाढीवाला तर सराईत. उद्या सकाळीच हे खोकं त्याच्या डोक्यात...

बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"द्या इकडे."

"तुला जमायचं नाही. झटका बसतो."

"पोरं वाढवली आहेत मी. द्या."

तिने बंदूक टेकवली आणि खिळा मारला. सरळ गेला. दुसऱ्या कोपऱ्यात मारला, तोही. कंपाउंडरांनी चौकट उचलून उजेडात धरली, उलटी केली, बोट फिरवलं. कुठे काही टोचलं नाही. चौकट हातात किंचित थरथरत होती. त्यांनी ती खाली ठेवली. बायको त्यांच्याकडे बघत नव्हती, बंदुकीकडे बघत होती.

"ही चांगली आहे," ती म्हणाली.

कंपाउंडरांनी चौकटीवर ओघळलेला डिंक बोटाने पुसला.

"मग? मी काय म्हणत होतो? आधीचा लॉटच खराब होता."

"हो ना. धरा आता तुम्ही."

शिकंजा त्यांनी बाजूला काढला. दोन्ही तळव्यांनी चौकट स्टुलावर दाबून धरली. दाबून धरलेले हात हलत नव्हते. समोर ती बसली, आणि पहिल्या कोपऱ्यालाच तिने मागच्या वर्षी राहिलेल्या गोष्टीपासून सुरुवात केली. चापावर बोट, मुठीवर अंगठा. काळा डाग पार नखाच्या टोकाशी आला होता. पुढच्या खेपेला नखं कापली की जाणार होता. मध्येच जावयाचा फोन आला. कंपाउंडरांनी हात न काढता, मान वाकडी करून खांद्यावर फोन धरला आणि बंदूक उत्तम आहे, सरळ मारते, असं कळवलं. सांगत होतो ना, असं जावई म्हणाला. हो, तुम्हीच सांगितलंत, असंही कंपाउंडर बोलून गेले, आणि बायकोने हात थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

चौकटींची चळत वाढत गेली. खिळ्यांची पट्टी संपली तेव्हा तिने बंदूक त्यांच्याकडे दिली. चष्मा त्यांचा बरा होता. त्यांनी ती मांडीवर उलटी धरली.

मुठीखाली डिंकाचा वाळलेला थेंब होता. थेंबात माशीचा एक पंख.

कंपाउंडर बराच वेळ तो बघत राहिले. नेमकं कुठे होते मी, असं विचारून बायको स्वतःच पुढचं सांगायला लागली होती. त्यांनी पट्टी भरली, ती बसली का ते दोनदा पाहिलं, आणि मूठ तिच्या बाजूला करून बंदूक परत दिली.

खोकं नवं होतं. बंदूक पहिलीच होती.