शिवणीतली माया

कुर्त्याच्या डाव्या बाजूचं नव्या शिवणीबाहेरचं कापड कापून झालं आणि त्याची लांबट पट्टी आईच्या मांडीवर पडली. पलंगावर लेक डोळे मिटून पडली होती. शाळा सुरू होताना शिवलेला कुर्ता आता तिच्या अंगात नुसता लोंबत होता, तोच आत घ्यायचं काम चाललं होतं. आई कपडे शिवणारी. रिकाम्या हातांनी बसणं तिला जमतच नसे, म्हणून दवाखान्यातही कात्री, सुईदोरा बरोबर होताच.

मघाशी डॉक्टरबाईंनी तिला आणि नवऱ्याला बाहेर बोलावलं होतं.

"हाडातल्या गाठीवरची औषधं जालीम आहेत. तिची अंडाशयं त्यात जळून जातील. त्याआधी एक काढून गोठवून ठेवता येईल. पुढे मूल हवं असलं तर कदाचित उपयोगी पडेल. पण आजच ठरवा. आणि तिला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"आधी जीव तर वाचू दे!" नवरा उसळला. "तेरा वर्षांच्या पोरीशी बाळंतपणाच्या गोष्टी करायच्या?" आणि चहाच्या नावाखाली तो जिन्याकडे गेला. रडायलाच गेला असणार.

"वाचेल ना हो ती?" आईने विचारलं होतं.

डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खोलीत परतून आईने कात्री उचलली ती तेव्हा.

"आई, डॉक्टरबाई काय म्हणाल्या?"

म्हणजे झोपली नव्हतीच.

"तुझ्या पोटातलं थोडंसं काढून गोठवून ठेवायचं म्हणतात."

"कशाला?"

आईने हातातल्या कुर्त्याकडे पाहिलं.

"तुझे कपडे शिवताना मी शिवणीत माया, म्हणजे आतलं जादा कापड, ठेवते की नाही?"

"चांगली दोन बोटं. कापड वाया घालवतेस म्हणून बाबा ओरडतात."

"वाढत्या अंगाला लागतेच ती. वेळ आली की उसवून मोकळी करायची. हेही तसंच. औषधांनी आतलं जळणार, म्हणून थोडं आधीच बाजूला काढायचं. मोठी झालीस, मूलबाळ हवंसं वाटलं, तर असू दे."

पोरगी छताकडे बघत राहिली.

"म्हणजे मी मोठी होणार असं वाटतंय त्यांना?"

"होणारच मुळी!" आई जरा जास्तच जोरात म्हणाली.

"मग काढू देत."

आणि ती हसली. आजार कळल्यापासून पहिल्यांदाच. आईला भरून आलं. डोळे पुसायला तिने तोंड फिरवलं, तेवढ्यात लेकीने कुर्ता ओढून घेतला आणि उलटा केला. शिवणकामाच्या घरात वाढलेली पोर ती. तिची बोटं शिवणीवरून फिरली आणि डाव्या बाजूला थांबली.

"आई, इथली माया कुठे गेली?"

"टोचली असती गं तुला."

"आजवर कधी टोचली नाही."

आईने मांडीवरची पट्टी मुठीत चुरगळली.

लेकीने कुर्ता परत दिला नाही. माया अजून शाबूत असलेली उजवी बाजू छातीशी धरून ती भिंतीकडे वळली.

"ही कापू नकोस," ती म्हणाली.